स्पेस कमी, बेसची हमी!

पहिल्या पगारात मोबाइल, दुसऱ्यात शूज आणि लोनवर गाडी आली की तिसऱ्याच दिवशी म्युझिक सिस्टीम... आपल्या पिढीचा हा क्रम काही चुकत नाही. आणि म्युझिक सिस्टीम म्हटली की बेस पाहिजेच, बॉस! दरवाजातले पाच-सहा इंची स्पीकर गाणं ऐकवतात, पण ते छातीत वाजवत नाहीत. अजय-अतुलचे ढोल नुसते ऐकू येऊन काय उपयोग? ते पाठीच्या कण्यातून चढले पाहिजेत.

अडचण एकच. ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या आहेत, त्यांना गाणी ऐकायला वेळ नाही. आणि आपल्याकडे, म्हणजे ज्यांना रोज दोन तास गाडीत काढायचेत, त्यांच्याकडे अल्टो. डिकी १७७ लिटर! त्यात सबवूफरचं खोकं टाकायचं, तेही भोकाचं, म्हणजे पोर्टेड. दुकानदार हसतो, मित्र हसतात आणि घरचे हसतही नाहीत.

माझी केस जरा आणखी अवघड. नोकरी चंद्रपूरला, बायकोची पोस्टिंग गडचिरोलीला. दर शनिवारी दुपारी लोहारा, चिचपल्ली, मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडायचा आणि सोमवारी पहाटे उलटा प्रवास. एका बाजूचे साधारण ऐंशी किलोमीटर. बराचसा रस्ता जंगलातून. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्ये मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. अशा रस्त्यावर गाणी ही चैन नाही, ड्रायव्हरला जागं ठेवणारा तो को-पायलट आहे. पण याच रस्त्यावर रात्री टायर बसला तर? पंक्चरवाला पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि ‘येथे वन्यप्राण्यांचा वावर आहे’ हा बोर्ड समोर. पुण्यात-मुंबईत स्टेपनी डिकीच्या तळाशी गाडली गेली तरी चालतं, फोन केला की कोणीतरी येतं. इथं ती दोन मिनिटांत हातात आलीच पाहिजे. त्यावर वाद नाही.

आणि तांदूळ. सावली तालुक्यातल्या गावी आमची थोडी धानाची शेती आहे. परतताना पंचवीस किलोचं एक पोतं डिकीत येतंच. आईनं सबवूफरचं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल दिला, ‘‘तुया डब्बा ठेव, नाईतं तांदूळ ठेव.’’

म्हणजे डिझाइनच्या अटी कागदावर लिहायच्या आधीच ठरलेल्या: स्टेपनी निघाली पाहिजे, पोतं बसलं पाहिजे आणि उरलेल्या जागेत ढोल वाजला पाहिजे.

भोक कशाला?

सबवूफरचा पडदा पुढे हलतो तेव्हा पुढची हवा ढकलली जाते, मागची ओढली जाते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की वजाबाकी होते, हाती भोपळा! म्हणून स्पीकरची मागची बाजू खोक्यात बंद करतात. हा झाला सील्ड बॉक्स. सोपा, छोटा, सभ्य. दहा इंची सबवूफरला अठरा-वीस लिटरमध्ये तो बसतोसुद्धा.

पण त्यात स्पीकरची निम्मी मेहनत, म्हणजे मागची लाट, खोक्यातच फुकट जाते. ती वापरात आणायची युक्ती म्हणजे पोर्ट. बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते त्यांना मिळालं. खोक्याला भोक पाडायचं, त्यात ठरावीक लांबीची नळी बसवायची. नळीतली हवा झाली वजन, खोक्यातली हवा झाली स्प्रिंग. या जोडीची एक स्वतःची फ्रिक्वेन्सी असते. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास मागची लाट उलटून पुढच्या लाटेच्या सुरात सूर मिसळत नळीतून बाहेर पडते. त्याच अँप्लिफायरमध्ये, त्याच स्पीकरमध्ये दणका वाढतो.

फिजिक्स नको वाटत असेल तर सुरई घ्या. चंद्रपुरात उन्हाळ्यात सुरई-माठ घरोघरी असतात (मे महिन्यात पारा ४६-४७ वर गेला की फ्रिजसुद्धा हात टेकतो). रिकाम्या सुरईच्या तोंडावर आडवी फुंकर मारा, ‘हूऽऽ’ असा जाड आवाज येईल. अर्धी भरा, पुन्हा फुंका, आवाज चढेल. हवा कमी, स्प्रिंग कडक, सूर वर. आता मान लांब असलेली सुरई घ्या, सूर खाली जाईल. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ज्याचं गणित मांडलं, तो रेझोनेटर हाच. सबवूफरचं पोर्टेड खोकं म्हणजे लाकडाची चौकोनी सुरई, बस्स.

आणि छोट्या डिकीचं सगळं दुखणं याच सुरईत आहे. खोकं लहान केलं की सूर वर चढतो. तो खाली आणायला मान लांब करावी लागते. आणि लांब मान लहान खोक्यात मावत नाही!

झाडीपट्टीतला इंजिनीअर

चंद्रपुरात कार अॅक्सेसरीजची दुकानं भरपूर आहेत. तयार खोकी मिळतात, काळं कार्पेट लावलेली, निळा लाइट लागणारी, वर ‘२००० वॉट’चं स्टिकर. या दोन हजारांवर जाऊ नका. तो पीएमपीओ, म्हणजे स्पीकर मरताना एका क्षणात किती ओरडेल त्याचा आकडा. खरा आकडा आरएमएस. तो दोनशे-तीनशे निघाला तरी अल्टोसाठी पुष्कळ झाला. तयार खोक्याचा दुसरा घोळ असा की ते कुठल्याच स्पीकरसाठी बनवलेलं नसतं. कोणताही स्पीकर बसावा म्हणून मधलं काहीतरी माप घेतात. सील्ड खोक्यात असं थोडंफार खपून जातं. पोर्टेडमध्ये नाही.

म्हणून मी गेलो एका सुताराकडे. हा भाऊ दिवाळीनंतर फर्निचरचं काम बाजूला ठेवतो, कारण तेव्हा झाडीपट्टीचा सीझन सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदिया या पट्ट्यात दिवाळी ते होळी गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटक चालतं. देसाईगंज म्हणजे वडसा हे या नाटकांचं मुख्यालय. कंपन्यांची ऑफिसं तिथं, बुकिंग तिथं. इथल्या कलाकाराला, डॉ. परशुराम खुणे यांना, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो माणसं मंडपात, कनातीच्या शेवटच्या रांगेतल्या आजीलाही संवाद ऐकू गेला पाहिजे. त्यामुळे साउंडवाल्यांचा धंदा तेजीत, आणि त्यांची खोकी बनवणारा आमचा हा भाऊसुद्धा.

त्याला थील-स्मॉल पॅरामीटर हा शब्द माहीत नव्हता. पण माझा कागद पाहून त्याने जे म्हटलं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या तोंडात मारेल असं होतं. ‘‘का जी, भोक लहान ठेवलं तं शिट्टी वाजंल. मोठं ठेवलं तं पाइप लंबा जाईल. तुमच्या गाडीत मंडप मावते का?’’

तर हे थील-स्मॉल म्हणजे काय? ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड खोक्यांवर एक निबंध लिहिला, आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच काम पुढे नेलं. त्याआधी स्पीकरची खोकी बरीचशी अंदाजपंचे बनत. त्यांच्यामुळे प्रत्येक स्पीकरची जन्मपत्रिका काढता यायला लागली: त्याची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी किती, सस्पेन्शन किती लिटर हवेइतकं मऊ, स्वतःला आवरण्याची ताकद किती. चांगल्या सबवूफरच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये ही पत्रिका छापलेली असते. ती नसेल तर तो सबवूफर घेऊच नका, डिस्काउंट कितीही असो. पत्रिका असली की विनआयएसडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकायचे आणि लिटर बदलून ग्राफ बघत बसायचं. ऑफिसमध्ये एक्सेल चालवणाऱ्याला हे अवघड नाही.

चला, हिशेब करू

मी घेतलेल्या दहा इंची सबवूफरला मॅन्युअलप्रमाणे पोर्टेडमध्ये साधारण ३४ लिटर हवा लागते. बारा इंची घ्यायची खाज होती, पण त्याला पन्नासच्या पुढे लागले असते, म्हणजे पोतं गेलं. आठ इंची अठरा-वीस लिटरमध्ये भागतो, आणि खरं सांगायचं तर ज्याला डिकीत लहान मुलाची घडीची गाडी ठेवायची आहे त्याने आठ इंचीच घ्यावा. मी दहावर थांबलो.

ट्यूनिंग किती ठेवायचं? बेस गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. त्याखाली फिल्मी गाण्यात फारसं काही नसतं. हॉलीवूडच्या स्फोटांसाठी लोक ३०-३२ वर ट्यून करतात, पण आपण स्फोट ऐकायला निघालो नाही. शिवाय छोट्या गाडीचा एक छुपा फायदा आहे. केबिन इतकं लहान की साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली गाडीच आवाज वाढवायला लागते, जणू सगळी गाडी दुसरं खोकं. म्हणून मी ३८ हर्ट्झ ठरवलं.

आता नळी. सूत्र असं आहे: नळीच्या आतल्या व्यासाचा (सेंटीमीटरमध्ये) वर्ग गुणिले २३,५६२, त्याला फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले लिटर याने भागायचं, आलेल्या उत्तरातून व्यासाच्या सुमारे पाऊणपट (०.७३) वजा करायचे. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतून साधारण १०.४ सेंटीमीटर असतो. त्याचा वर्ग १०८. खाली ३८ चा वर्ग १४४४ गुणिले ३४, म्हणजे ४९,०९६. भागाकार जवळपास ५२, त्यातून साडेसात वजा... ४४ सेंटीमीटर.

चव्वेचाळीस सेंटीमीटर! पन्नास सेंटीमीटर रुंद खोक्यात चव्वेचाळीस सेंटीमीटरची नळी. इथे बहुतेक जण पाइप बारीक करतात, आणि मोह होतो खरा. ७५ मिलिमीटरचा पाइप घेतला की लांबी एकदम १८ सेंटीमीटरवर येते, सगळं छान मावतं. पण भोकाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, तेवढीच हवा दुपटीहून जास्त वेगाने पळते आणि प्रत्येक ढोलाबरोबर ‘फुस्स फुस्स’ ऐकू येतं. भाऊची शिट्टी ती हीच. उलट, सहा इंची पाइप घेतला तर लांबी एक मीटर होते, आणि तो पाइपच वीस लिटर जागा खातो. मंडप मावते का?

तोडगा प्लंबरचाच: एल्बो. नळी सरळच असली पाहिजे असा काही नियम नाही. पुढच्या फळीतून आत शिरायचं, एका एल्बोने वळायचं आणि तळाशी, मागच्या फळीला लागून आडवं जायचं. लांबी मोजायची ती पाइपच्या मध्यरेषेवरून. दोनच पथ्यं आहेत. एल्बोच्या आत पाइपची कड राहू नये, कानस मारून गोल करून घ्यायची. आणि नळीचं आतलं टोक समोरच्या फळीपासून निदान एक व्यासभर, म्हणजे दहा सेंटीमीटर, लांब राहिलं पाहिजे. तिला श्वास घ्यायला जागा हवी. माझ्या मापात ते अंतर बारा निघालं.

मग बेरीज. ३४ लिटर ही स्पीकरच्या हक्काची हवा. त्यात पाइप (बाहेरून ११ सेंटीमीटर, ४४ लांब) खातो सव्वाचार लिटर. स्पीकरचं मॅग्नेट आणि बास्केट पावणेदोन-दोन. आतली आधाराची पट्टी अर्धा. एकूण जवळपास ४१ लिटर. ही बेरीज विसरली की ३४ चं खोकं प्रत्यक्षात २८ चं होतं आणि ट्यूनिंग वर सरकतं. दुकानातली अर्धी खोकी अशीच असतात असा माझा संशय आहे.

४१ लिटरचा आकार कसा द्यायचा? अल्टोची मागची सीट तिरकी आहे, म्हणून खोकंही तिरकं. आतून रुंदी ५२, उंची ३४, खोली तळाला २७ आणि वर १९ सेंटीमीटर. गुणाकार करून बघा, चाळीसच्या थोडं वर येतं. तिरकी पाठ सीटला चिकटते, त्यामुळे सीटमागची ती त्रिकोणी जागा, जिथे एरवी फक्त छत्री आणि चिप्सची पाकिटं हरवतात, ती कामाला लागली. बाहेरून सगळं खोकं छप्पन्न लिटरच्या आसपास भरलं. म्हणजे डिकीतले एकशेवीस लिटर शिल्लक. पंचवीस किलो तांदळाला तीसेक लिटर पुरतात. आईचं पोतं बसलं!

आधी पुठ्ठा, मग प्लाय

लाकूड कापायच्या आधी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि बाहेरच्या मापाचं खोटं खोकं करा. सेलोटेप लावली तरी चालेल. ते डिकीत ठेवा आणि झाकण बंद करा. पोतं ठेवा. मग ते काढून स्टेपनी बाहेर काढून बघा, घड्याळ लावून. मी हे दिवसाउजेडी एकदा केलं आणि एकदा रात्री, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. शेजारच्यांना वाटलं गाडी विकायला काढली. या पुठ्ठ्यानेच मला सांगितलं की खोकं मधोमध नाही, डाव्या कोपऱ्यात सरकवायचं. मग उजवीकडे पोत्याला उभी जागा मिळते.

मटेरियलवर भाऊचं आणि इंटरनेटचं जमत नाही. इंटरनेट म्हणतं एमडीएफ. जड, सपाट, कापायला सोपा. पण इंटरनेट गडचिरोलीच्या पावसात राहत नाही. इथे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडे सादळतात, डिकीच्या रबरातून पाणी झिरपतं आणि एमडीएफ कडेने बिस्किटासारखा फुगतो. भाऊने १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय काढला, आयएस ७१० शिक्क्याचा, मरीन म्हणतात तो. थोडा महाग, पण आठ बाय चारच्या एका शीटचा तिसरा हिस्साच लागतो. मी गमतीत विचारलं, सागाचं केलं तर? बल्लारपूरच्या डेपोतला आपला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी गेला, मग माझ्या डिकीत का नाही? तो म्हणाला, ‘‘सागाची फळी ऊन-पावसानं वाकते जी, जोड उघडते. प्लायच बरा.’’ सागाच्या जिल्ह्यात सुताराने सागाला नाही म्हणणं, याला प्रोफेशनलिझम म्हणतात.

जोडाला फेविकॉल आणि दर दहा-बारा सेंटीमीटरवर स्क्रू. आतल्या सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन. पोर्टेड खोक्याला भोक आहे म्हणून बाकी फटी चालतील असं समजू नका. फट म्हणजे दुसरी शिट्टी. सिलिकॉन एक दिवस नीट वाळू द्यायचं आणि त्याचा आंबट वास जाईपर्यंत स्पीकर बसवायचा नाही. खोकं बंद करताना भाऊने आणखी एक गोष्ट केली जी माझ्या कागदावर नव्हती. स्पीकर-पोर्टची पुढची फळी आणि मागची फळी यांच्या मध्ये एक आडवी पट्टी ठोकली. मोठ्या फळ्या स्वतः कापल्या की आवाज गढूळ होतो म्हणे. म्हणे कशाला, होतोच.

उन्हाळ्याचंही एक सांगतो, कारण हे मला फार आवडलं. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. वीस अंशाला सेकंदाला ३४३ मीटर, पंचेचाळीसला ३५८ च्या आसपास. म्हणजे माझं ३८ हर्ट्झचं खोकं मे महिन्यात चंद्रपुरात जवळपास पावणेदोन हर्ट्झ वर सरकतं. कानाला कळत नाही, पण आपला स्पीकरसुद्धा उन्हाळ्यात चढ्या सुरात बोलतो हे ऐकून बरं वाटतं. खरी काळजी पीव्हीसीची. तो पंच्याहत्तर-ऐंशी अंशाच्या आसपास मऊ पडतो, आणि काच बंद करून भर उन्हात ठेवलेली गाडी साठच्या पुढे सहज जाते. म्हणून आडव्या पाइपखाली दोन लाकडी खाचा ठेवल्या, त्यावर तो निवांत पडलाय.

वायर, पट्टा आणि पोतं

तीनशे वॉट आरएमएसचा क्लास-डी अँप्लिफायर पूर्ण ताकदीने वाजला तर सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर ओढतो. त्यामुळे बॅटरीपासून थेट जाड तांब्याची वायर हवी, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. इथे कंजूषपणा नको. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. सुरीने थोडं खरवडलं की पांढरं दिसतं. फ्यूज नसलेली वायर कुठे घासली गेली तर गाडी पेटते, आणि जंगलात फायर ब्रिगेडचा नंबर कोण शोधणार?

सगळं धरून खोकं सतरा किलोच्या आसपास भरतं. ब्रेक दाबला की सतरा किलोचा दगड मागच्या सीटवर येतो, म्हणून ते बांधलंच पाहिजे. पण कायमचं स्क्रू केलं तर स्टेपनी गेली. मी रॅचेटचे दोन पट्टे लावले, सामान बांधायचे मिळतात तसे, सीटच्या मागच्या बोल्टला अडकवून. स्पीकरच्या वायरला साउंडवाले वापरतात तो फिरवून लॉक होणारा कनेक्टर. दोन पट्टे सोडा, कनेक्टर फिरवा, खोकं उचला, खाली स्टेपनी. घड्याळ लावलं तेव्हा एक मिनिट चाळीस सेकंद. (दिवसा. रात्री दोन-वीस.)

राहिला एकच शत्रू, तांदूळ. पोर्टचं तोंड डिकीच्या दाराकडे. त्याच्यासमोरही एक व्यासभर मोकळी जागा लागते. नेमकं तिथे पोतं टेकलं की सुरईच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. ट्यूनिंग गेलं, पडदा लटपटायला लागला. म्हणून खोक्याच्या पुढे बारा सेंटीमीटरवर बांबूच्या दोन आडव्या काठ्यांचं कुंपण. बांबू कुठून आणला विचारू नका, या जिल्ह्यात तो प्रश्न कोणी विचारत नाही. पोतं घसरलं तरी काठीवर अडतं. आईला वाटतं ते कुंपण तिच्या तांदळासाठी आहे. मी काही बोललेलो नाही.

हत्तींचं काय?

ही भानगड कुठल्याच कार ऑडिओवाल्याने सांगितली नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि तेव्हापासून इथे रात्री गाडी चालवण्याचं गणित बदललं. १९८४ मध्ये केटी पेन या अमेरिकन संशोधिकेला पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं राहिल्यावर हवेत एक थरथर जाणवली. कानाला काहीच नाही. रेकॉर्ड करून वेगात वाजवल्यावर कळलं की हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या, वीस हर्ट्झच्या खालच्या आवाजात एकमेकांशी बोलतात. हे आवाज काही किलोमीटर जातात. जाड आवाजाचा गुणच तो. झाडं, पानं त्याला अडवत नाहीत. तुमच्या गाडीतला झांजेचा आवाज काचेत अडकतो, बेस मात्र शेतात पोहोचतो. शेजारच्या गल्लीतल्या डीजेचं गाणं ओळखू येत नाही, फक्त ‘धप धप’ येतं ना, तसंच.

म्हणून माझ्या अँप्लिफायरची बेसची एक वायर असलेली छोटी गोल खुंटी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ लावलीय. लोहाऱ्याच्या पुढे जंगल लागलं की ती शून्यावर. ताडोबाच्या गेटमधून आत तर गाणी लावायला बंदीच आहे. पण बाहेरच्या रस्त्यावरही काच खाली, बेस बंद. रस्त्यात आडवं काय येईल ते आधी कानाला कळतं, मग हेडलाइटला. गावातलं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा याबद्दल सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये कडक निकाल दिलाय, आणि गडचिरोलीत आमच्या क्वार्टरशेजारी दवाखाना आहे. मग बेस नेमका वाजतो कधी? मूल ते सावली, धानाच्या बांध्यांमधून, शनिवारी दुपारी. तेवढा वेळ पुरतो.

पडदा थांबला की समजा

खोकं बरोबर बनलं की नाही हे कानाने नाही, डोळ्याने कळतं. मोबाइलमध्ये टोन जनरेटरचं कोणतंही अॅप घ्या. आवाज कमी ठेवून साठ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या आणि स्पीकरच्या पडद्याकडे बघत राहा. पडदा हलताना दिसतो. ट्यूनिंगच्या जवळ येताच तो हळूहळू शांत होतो, आणि एका जागी जवळजवळ थांबतो, पण आवाज मात्र येतच राहतो. कारण आता सगळं काम नळीतली हवा करतेय. पोर्टसमोर हात धरा, वारा लागतो. माझ्या खोक्यात तो आकडा ३९ निघाला. कागदावर ३८ होता. भाऊच्या करवतीला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

आणखी खाली, तिसाच्याही खाली गेलात तर पडदा वेड्यासारखा उडायला लागतो. आवाज काहीच नाही, नुसती उडी. ट्यूनिंगच्या खाली हवेची स्प्रिंग स्पीकरला धरत नाही, आणि इथेच सबवूफर फाटतात. अँप्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर असतो, तो तीसच्या आसपास लावून ठेवा आणि पोरांना त्याला हात लावू देऊ नका. वरची मर्यादा, लो-पास, ऐंशीच्या आसपास. त्यावर गेलात तर माणसांचे आवाज डिकीतून यायला लागतात आणि हिरो पोत्यात बसून गातोय असं वाटतं.

पहिल्या दिवशी गाणं लावलं तर सगळ्यात मोठा आवाज मागच्या नंबर प्लेटचा आला. मग डिकीच्या पत्र्याची आतली बाजू. मग पार्सल ट्रे. एकेक शोधून फोमच्या पट्ट्या लावण्यात अख्खा रविवार गेला. सबवूफर बसला की गाडीत काय काय सैल आहे ते कळतं. सर्व्हिस सेंटरवाले वर्षभर शोधत नाहीत ते एका ढोलात सापडतं.

भाऊ बघायला आला होता. पुढच्या सीटवर बसला, डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलं, मग उतरून डिकी उघडली आणि पोर्टमध्ये हात घालून कड चाचपली. ‘‘मस्त झालं जी,’’ म्हणाला. ‘‘आता वडस्याच्या एका साउंडवाल्याले असेच सोळा पायजे. अठरा इंचीचे. तो कागदावरचा हिशेब लिहून द्या मले.’’

मी लिहून दिला. व्यासाचा वर्ग, गुणिले २३,५६२.